कैरवानच्या मशिदीतला साग

पहिला दिवस

ट्युनिस शहराच्या दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या तळावर ‘लुआज’ नावाच्या पांढऱ्या गाड्या रांगेने उभ्या असतात. त्यांचे गणित आपल्याकडच्या वडापसारखेच आहे. आठ माणसे भरली की गाडी सुटते, सात भरली की आठव्याची वाट पाहत बसायचे आणि चालकाने गावाच्या नावाचा पुकारा करत राहायचे. आम्ही दोघे पाचवे आणि सहावे होतो. नोव्हेंबरचा महिना होता, हवेत सुखद गारवा होता, आणि अर्ध्या तासात आठवा माणूस जैतुनाच्या तेलाचा डबा घेऊन आला तेव्हा आमची गाडी कैरवानच्या दिशेने निघाली.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि माझा शाळेतला सोबती. रेवदंड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. त्याचे घर चौलच्या कोकणी मुसलमान वस्तीतले, तर आमची लाकडाची वखार खाडीलगत होती. पुढे तो कुवेतला नोकरीला गेला आणि तिथे कामापुरती अरबी शिकला. मी वखार सांभाळली आणि काही वर्षांपूर्वी ती बंदही केली. उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून परतल्यावर एका संध्याकाळी त्याने सहज एक गोष्ट सांगितली. मदिनेतली पैगंबरांची मशीद आरंभी कच्च्या विटांची होती आणि तिला खजुराच्या झावळ्यांचे छप्पर होते. तिसरे खलिफा उस्मान यांनी ती नव्याने बांधली, तेव्हा भिंतींना कोरीव दगड आणि छपराला साग वापरला, असे हदीसमध्ये आले आहे. अरबीत त्या लाकडाला ‘साज’ म्हणतात. तो शब्द ऐकून मी दचकलो, कारण तो आपल्या सागाचाच सोयरा आहे. इराणच्या वाटेने जाता जाता त्याच्या उच्चारात तेवढा फरक पडला.

मदिनेतले ते छप्पर आज उरलेले नाही. त्या काळाच्या जवळचा, आजही जागेवर असलेला आणि डोळ्यांनी पाहता येईल असा साग कुठे आहे, याचा शोध घेता घेता आम्ही ट्युनिशियातल्या कैरवानपर्यंत येऊन पोहोचलो. तिथल्या मोठ्या मशिदीत नवव्या शतकातला सागवानी मिंबर आहे. मिंबर म्हणजे शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, देण्यासाठी इमाम ज्यावर चढतो, ते पायऱ्यांचे व्यासपीठ. जगात आज टिकून असलेल्या मिंबरांपैकी तो सर्वांत जुना समजला जातो. माझ्या पिशवीत आमच्या वखारीतल्या शेवटच्या ओंडक्याचा तळहाताएवढा तुकडा होता. तो का बरोबर घेतला, हे मला मुंबईच्या विमानतळावर नीट सांगता आले नसते.

ट्युनिसपासून कैरवान सुमारे १६० किलोमीटर आहे. आरंभी जैतुनाच्या बागा लागतात, मग झाडे विरळ होत जातात, शेतांना निवडुंगाची कुंपणे दिसू लागतात आणि शेवटी सपाट, करड्या रंगाचे माळरान पसरते. या माळावर शहर वसवण्यामागे लष्करी हिशेब होता. इ. स. ६७० मध्ये, म्हणजे हिजरी ५० मध्ये, उमय्या सेनापती उक्बा इब्न नाफी याने येथे तळ दिला. किनाऱ्यावर बायझंटाइन आरमाराची भीती होती, तर डोंगरांत अमाझिग (बर्बर) टोळ्यांचा विरोध होता; दोन्हींपासून अंतर राखणारी ही मधली जागा त्याने निवडली. ‘कैरवान’ हे नावही आपल्याला ठाऊक असलेल्या कारवाँ या शब्दाचेच रूप आहे. इजिप्तच्या पश्चिमेकडील सगळ्या मुलुखात इस्लामचे पहिले मोठे ठाणे हे, आणि त्याच्या मध्यावर उभारलेली मशीद ही त्या मुलुखातल्या पुढच्या असंख्य मशिदींची मूळ प्रत.

जुन्या शहराला इकडे ‘मदिना’ असेच म्हणतात. विटांच्या तटाच्या आत आमचे उतरण्याचे घर होते. संध्याकाळी मशिदीच्या बाहेरून एक फेरी मारली. चारी भिंतींचा घेर सुमारे ४०५ मीटर आहे आणि त्या जवळजवळ दोन मीटर जाड आहेत. वेगवेगळ्या काळांत दिलेले जाडजूड आधारखांब त्यांना बाहेरून टेकलेले आहेत, त्यामुळे प्रथमदर्शनी प्रार्थनास्थळापेक्षा गढीचाच भास होतो. पूर्वेच्या बाजूला लल्ला रिहाना नावाचे घुमटाचे प्रवेशद्वार आहे, ते १२९४ सालचे. मगरिबची अजान झाली तेव्हा सोबती नमाजासाठी आत गेला आणि मी समोरच्या ओट्यावर बसून राहिलो. मुसलमानेतरांना अंगणापर्यंत जाता येते, नमाजाच्या दालनात नाही, हे मला घरून निघतानाच ठाऊक होते. तरीही हजारो किलोमीटर येऊन मिंबर दारातूनच पाहायचा, ही गोष्ट त्या ओट्यावर बसल्यावर पहिल्यांदा नीट जाणवली.

दुसरा दिवस

सकाळी तिकिटे काढून आम्ही अंगणात गेलो. ते एवढे मोठे आणि एवढे मोकळे आहे की पहिली काही मिनिटे काय पाहावे हेच कळत नाही. तीन बाजूंना कमानींच्या ओवऱ्या, दक्षिणेला नमाजाचे दालन, उत्तरेला मनोरा आणि मध्ये संगमरवरी व दगडी फरशीचा उघडा चौक. उक्बाच्या मूळ बांधकामातले आज काहीही नजरेस पडत नाही. ६८३ मध्ये तो लढाईत मारला गेला आणि शहर हातातून गेले. सातव्या शतकाच्या अखेरीस हसन इब्न अल-नुमान याने मशीद पुन्हा उभारली. आठव्या शतकात ती दोनदा वाढवली गेली. आणि ८३६ मध्ये इथल्या अगलबी घराण्याचा अमीर जियादतुल्ला पहिला याने जवळजवळ सगळी पाडून नव्याने बांधली. आपण पाहतो ते रूप मुख्यतः या शेवटच्या बांधकामाचे आहे.

मात्र एक गोष्ट उक्बाच्या काळापासून चालत आली असे मानतात, आणि ती म्हणजे मशिदीची दिशा. मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, मक्केच्या प्रत्यक्ष दिशेपेक्षा बराच दक्षिणेकडे वळलेला आहे. पुढच्या काळातल्या गणितज्ञांना हे कळत नव्हते असे नाही. परंतु ज्या पिढीने पैगंबरांच्या सहाबांना, म्हणजे सोबत्यांना, पाहिले होते, तिने ठरवलेली रेघ पुसायची कोणाची तयारी नव्हती. उलट आसपासच्या प्रदेशातल्या अनेक मशिदींनी कैरवानचीच दिशा प्रमाण धरली.

मनोऱ्यापाशी आम्ही बराच वेळ घालवला. तो गोल नाही, चौकोनी आहे. तीन टप्प्यांत वर जाताना अरुंद होत जातो, उंची साडेएकतीस मीटर आहे आणि पायथ्याची बाजू साडेदहा मीटरहून थोडी जास्त. तळाच्या थरांत रोमन इमारतींचे मोठमोठे दगड बसवलेले आहेत, आणि दाराजवळच्या दोन दगडांवर लॅटिन अक्षरे आहेत. त्यांपैकी एक दगड उलटा लावलेला आहे. गवंड्याला लॅटिन येत नसणार, किंवा येत असूनही त्याला त्या अक्षरांपेक्षा दगडाची सपाट बाजू महत्त्वाची वाटली असणार. लाकडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे दुसरे कारण अधिक पटते. जुन्या वाड्याच्या तुळया नव्या घराला लावताना त्यांवरचे कोरीव काम कोणत्या बाजूला येते, याचा विचार सुतार नेहमी करतोच असे नाही.

अंगणातली सर्वांत शहाणपणाची रचना पायांखाली आहे. फरशीला मध्याकडे अगदी हलका उतार दिलेला आहे आणि पावसाचे पाणी एका कोरीव संगमरवरी मुखाकडे वाहत येते. त्या मुखाला पायऱ्यापायऱ्यांच्या नागमोडी खाचा आहेत. पाणी त्यांतून फिरत उतरते, माती आणि कचरा वरच अडकतो, आणि त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी खालच्या टाक्यात पडते. टाक्यातून पाणी शेंदण्यासाठी ज्या विहिरी ठेवल्या आहेत, त्यांचे काठ पुरातन खांबांच्या बैठका पोखरून केलेले आहेत, आणि त्या संगमरवरावर दोरखंडांनी बोटभर खोल खाचा पाडल्या आहेत. या भागात वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस होतो. आमच्याकडे आषाढातला एक जोराचा आठवडा एवढे पाणी देऊन जातो, आणि आम्ही ते समुद्राला जाऊ देतो.

मग दालनाकडे वळलो. त्याला १७ दारे आहेत, आणि आत १७ ओळी मिहराबाकडे धावतात. मधली ओळ इतरांपेक्षा रुंद आणि उंच आहे. मधल्या दाराच्या उंबऱ्यावर मी उभा राहिलो आणि सोबती चपला हातात घेऊन आत गेला. आत खांबांचे रान आहे. संगमरवर, ग्रॅनाइट, पॉर्फिरी असे निरनिराळे दगड, निरनिराळ्या माथ्यांचे, कार्थेज आणि सूस यांसारख्या रोमन-बायझंटाइन नगरांतून आणलेले. संपूर्ण मशिदीत ते ४०० हून अधिक आहेत, पण नेमके किती ते मोजू नये, मोजणाऱ्याची दृष्टी जाते, अशी जुनी समजूत आहे. माझे सगळे बालपण वखारीत ओंडके मोजण्यात गेले असल्यामुळे मी सवयीने सुरुवात केली आणि पंचविसाव्या खांबाशी थांबलो. डोळ्यांची भीती वाटली म्हणून नव्हे. पुढचे खांब एकमेकांआड जात होते.

दाराच्या चौकटीतून सरळ पाहिले की दूरवर मिहराब दिसतो. त्याच्या आतल्या बाजूला संगमरवराचे २८ कोरीव फलक आहेत, काही जाळीदार, आणि त्या जाळीमागे उक्बाचा मूळ मिहराब भिंतीत जपला आहे अशी श्रद्धा आहे. भोवती चकाकीदार फरश्या तिरप्या बसवलेल्या आहेत. त्या १३९ आहेत आणि प्रत्येकीची बाजू २१ सेंटिमीटरच्या आसपास आहे. दारातून त्यांची नक्षी दिसत नाही, मात्र दिव्याचा उजेड पडला की त्यांतल्या काही सोन्यासारख्या लुकलुकतात. आणि मिहराबाच्या उजव्या हाताला एक काळपट तिरपा आकार दिसतो, भिंतीला लावून ठेवलेल्या शिडीसारखा. तोच मिंबर. मी त्याच्याकडे किती वेळ पाहत होतो ते सांगता येणार नाही. सागाचा रंग, सागाची रेघ, सागाचा गाभा मी अंधारातही हाताने ओळखू शकतो असा माझा अभिमान होता, आणि इथे मला फक्त एक काळा आकार दिसत होता.

सोबती बऱ्याच वेळाने बाहेर आला. तो बोलायचा माणूस नाही, पण त्या दिवशी ओवरीत बसून त्याने मला सगळे तपशिलाने सांगितले. पायऱ्या ११ आहेत. दोन्ही बाजू लहानमोठ्या कोरीव तक्त्यांच्या आहेत. काहींत भूमितीची जाळी, काहींत वेली आणि पाने, आणि शेजारच्या दोन तक्त्यांची नक्षी एकसारखी नाही. असे ३०० हून अधिक तुकडे जोडून तो उभा केलेला आहे. उंची सव्वातीन मीटरच्या किंचित वर आहे आणि लांबी चार मीटरला थोडी कमी. हात लावता येत नाही. “पण वाळवीचं एकही भोक नाही बघ,” तो म्हणाला. मी म्हटले, “असणारच नाही. साग आहे तो.”

या मिंबराची एक कथा पंधराव्या शतकातल्या इब्न नाजी या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे, आणि मला ती फार आवडते. अगलबी अमीर अबू इब्राहीम अहमद, ज्याने ८५६ ते ८६३ अशी जेमतेम सात वर्षे राज्य केले, त्याने बगदादहून मौल्यवान फरश्या मागवल्या होत्या आपल्या दरबारी दालनासाठी, आणि सागाच्या तुळया मागवल्या होत्या वीणेसारखी तंतुवाद्ये बनवण्यासाठी. पुढे त्याचे मन बदलले. फरश्या मिहराबाभोवती लागल्या आणि वाद्यांच्या लाकडाचा मिंबर झाला. लाकूड बगदादहून आले हे खरे, पण बगदादला साग उगवत नाही. तो भारताच्या किनाऱ्यावरून जहाजांनी इराणच्या आखातात जायचा, सिराफ आणि बसरा येथे उतरायचा आणि पुढे नदीने वर जायचा. सिराफच्या व्यापाऱ्यांची घरेच सागाची होती असे तेव्हाच्या भूगोलकारांनी लिहिले आहे.

हा साग चौलचाच असे सिद्ध करण्याचा माझा हट्ट नाही. मलबारचे जंगल त्या काळात अधिक नावाजलेले होते. मात्र चौल या रस्त्यावर होते, हे निश्चित. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे या मिंबरानंतर साधारण पन्नास वर्षांनी, चौलला आला होता. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. राष्ट्रकूटांचा अंमल होता, शिलाहार झंझ तेथे राज्य करत होता, आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व त्यांच्यापासून इथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान तेथे राहत होते, असे त्याने नोंदवले आहे. सोबत्याला हा उतारा मी कैरवानच्या त्याच ओवरीत वाचून दाखवला. तो ऐकून बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे लाकूड तिकडे गेलं आणि आमचे आजे-पणजे इकडे आले.”

तिसरा दिवस

सकाळ शहर पाहण्यात गेली. तटाबाहेरचे अगलबी हौद मात्र सवडीने पाहावेत असे आहेत. मोठ्या हौदाचा व्यास १२८ मीटर आहे, शेजारी गाळ बसवण्यासाठी ३७ मीटर व्यासाचा लहान हौद आहे, आणि पाणी ३६ किलोमीटरवरच्या डोंगरातून पाटाने आणलेले होते. बांधणारा अमीर तोच, अबू इब्राहीम अहमद. सात वर्षांत मिंबर, मिहराबाची सजावट आणि हे पाणी. वाद्यांचा शौक असलेल्या माणसाने एवढे केले, तर त्याच्या शौकाबद्दल मी तरी तक्रार करणार नाही.

तीन दारांची मशीद ८६६ सालची आहे आणि तिच्या दर्शनी भिंतीवरचा कुफी शिलालेख सुंदर आहे. अबू जमआ अल-बलवी या सहाबाचा दर्गा रंगीत फरश्यांनी मढलेला आहे. पैगंबरांच्या दाढीचे तीन केस ते जवळ बाळगत अशी आख्यायिका आहे, आणि त्यामुळे परदेशी पर्यटक या जागेला न्हाव्याची मशीद म्हणतात, जे ऐकून सोबत्याच्या कपाळावर आठी पडली. बीर बरूता या विहिरीवर, पहिल्या मजल्यावर, डोळे झाकलेला उंट रहाट ओढत गोल फिरतो. मक्केत हरवलेला सोन्याचा प्याला उक्बाला इथल्या झऱ्यात सापडला, म्हणून हे पाणी मक्केतल्या जमजम या पवित्र विहिरीशी जोडलेले आहे, अशी कथा सांगतात. आमच्या आगरांतही रहाटाला असाच डोळे बांधलेला बैल असायचा, पण तो संध्याकाळी जमिनीवरून गोठ्यात जायचा. या उंटाकडे मला फार वेळ पाहवले नाही.

चौकातल्या दुकानात मकरूद घेतले. रव्याची पारी, आत खजुराचे सारण, तळून पाकात बुडवलेले. दुकानदाराने आम्हांला सांगितले की कैरवानच्या मशिदीच्या सात वाऱ्या म्हणजे एक हज. सोबती हसून सलाम करून निघाला, आणि गल्लीत आल्यावर म्हणाला, “हज तो हज. पण त्याच्या गावाचा अभिमान आपण का मोडायचा?”

दुपारी पुन्हा मशिदीत गेलो. या वेळी पिशवीतला तुकडा मी सोबत्याला दिला. तो खिशात घालून आत गेला आणि मी पुन्हा मधल्या दाराशी उभा राहिलो. या वेळी उजेड वेगळा होता. दाराच्या रेषेतून ऊन आत शिरले होते आणि मिहराबापुढच्या घुमटाखालचा भाग उजळला होता. घुमटाला २४ पाकळ्यांसारख्या पन्हाळी आहेत, त्यांच्या उजेडात मिंबराची कड क्षणभर तपकिरी दिसली. मिंबराच्या पलीकडे लाकडी मकसुरा आहे, अमीराला वेगळे बसून नमाज पढता यावी म्हणून केलेला आडोसा. तो अकराव्या शतकात जीरी घराण्याचा राजा अल-मुइज इब्न बादीस याने दिला. तोही जुनाच, पण माझे डोळे मिंबरावरून हलत नव्हते.

बऱ्याच वेळाने सोबती एका वयस्क पहारेकऱ्याबरोबर परत येताना दिसला. आत त्याने तुकडा हातात धरून, जरा अंतरावरून, मिंबराच्या फळीशी ताडून पाहिला होता आणि अर्थातच पहारेकऱ्याच्या नजरेस आला होता. मला वाटले, आता काहीतरी ऐकून घ्यावे लागणार. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले, तुकडा मागून घेतला, तळहातावर उलटासुलटा केला, नखाने कडेला किंचित ओरखडा काढला आणि नाकाशी नेला. ताज्या ओरखड्याचा सागाचा वास चामड्यासारखा, तेलकट असतो. पन्नास वर्षे पडून राहिलेल्या फळीलाही तो येतो. “साज,” तो म्हणाला. सोबत्याने अरबीत सांगितले की आमच्या गावच्या वखारीतला आहे, हिंदचा. त्यावर पहारेकरी आत वळला, मिंबराकडे बोट केले, आणि दोन्ही हात एकमेकांवर ठेवून दाखवले. म्हणजे हा त्याच्याच जातीचा, असे काहीसे.

सोबत्याने मला रंगातला फरक सांगितला. मिंबर आमच्या तुकड्यापेक्षा खूप गडद आहे, जवळजवळ कॉफीच्या बियांसारखा, आणि जिथे हात लागत आला त्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत. रेघ मात्र तशीच, सरळ. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची दुरुस्ती झाली, पण बहुतेक तक्ते मूळचेच आहेत. एवढे लहान तुकडे का जोडले असतील, असे त्याने विचारले. मोठी एकसंध फळी कोरड्या हवेत फाकते, मी म्हटले. लहान तक्ते चौकटीत सैलसर बसवले की लाकूड आपल्या जागी फुगू-आकसू शकते आणि चिरत नाही. आमचा म्हातारा सुतार दाराच्या फळ्या याच कारणाने चौकटीत ठोकून बसवू देत नसे. साडेअकरा शतकांपूर्वीच्या त्या सुताराला हे माहीत होते, आणि हे मला दारात उभे राहूनही सांगता आले.

चौथा दिवस

पहाटे फज्रच्या अजानीने जाग आली. सोबती मशिदीत गेला आणि मी सामान बांधले. उजाडल्यावर तटाच्या दारापर्यंत जाताना शेवटचा मनोरा पाहिला. सकाळच्या उन्हात तो मधाच्या रंगाचा दिसत होता. गाडीतळावर आम्ही सातवे आणि आठवे ठरलो, त्यामुळे बसताक्षणी गाडी सुटली, आणि आमची वाट पाहत बसलेल्या सहा जणांनी आमच्याकडे अतिशय आपुलकीने पाहिले.

ट्युनिसच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने पिशवीतला लाकडाचा तुकडा बाहेर काढला, बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केले आणि हे काय आहे असे विचारले. सोबत्याने एकाच शब्दात उत्तर दिले. तपासणाऱ्याने तो तुकडा मकरूदच्या डब्याशेजारी परत ठेवला आणि पिशवी पुढे सरकवली.